किनाऱ्याचं संरक्षण : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : एस-400 आल्यापासून कोकणाला क्षेपणास्त्राची भीती उरली नाही, असं आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतात. खरं आहे का? (दापोली)

नाही. एस-400 ही रशियन हवाई संरक्षण प्रणाली उत्तम आहे, पण तिचा 400 किलोमीटरचा पल्ला उंचावरून येणाऱ्या लक्ष्यांसाठी. समुद्राकडून खरी भीती आहे ती लाटांना घासत येणाऱ्या क्रूझ क्षेपणास्त्राची. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजाखालचं रडारला दिसत नाही. युद्धनौकेचं रडार पाण्यापासून 25 मीटर उंच असेल आणि क्षेपणास्त्र 5 मीटरवरून येत असेल, तर ते दिसतं जेमतेम 30 किलोमीटरवर आल्यावर. ताशी 1000 किलोमीटर वेगाला ते अंतर दोन मिनिटांचंही नाही. तेवढ्यात ओळखायचं, ठरवायचं आणि ते हवेतच पाडणारं बराक-8 क्षेपणास्त्र डागायचं! म्हणून 'नेत्र'सारखी टेहळणी विमानं लागतात. उंचावरून लांबचं दिसतं. अभेद्य कवच आज कुठल्याच देशाकडे नाही. मॉक ड्रिलचा भोंगा वाजला की व्हिडिओ काढत उभं राहू नका, एवढं ग्रुपवर जरूर टाका.

प्रश्न : भारतानं नाटोसारख्या गटात का जाऊ नये? (रत्नागिरी)

नाटो ही अमेरिका आणि युरोपीय देशांची लष्करी युती. तिच्या कराराच्या कलम 5 नुसार एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा. पण मदत कोणती करायची, हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. उलट दुसऱ्याचं युद्ध आपल्या दारात येऊ शकतं. ऑगस्ट 1971 मध्ये सोव्हिएत संघाशी आपण करार केला, तोही संकटात सल्लामसलत करण्याचा. त्याच डिसेंबरात कराचीवर मारा केला तो सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्र नौकांनी, पण चालवणारे आपलेच नौसैनिक होते. शस्त्रं बाहेरची, पण लढणारे आपणच, हाच मार्ग मला पटतो. क्वाड, म्हणजे भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलियाचा गट, ही लष्करी युती नव्हे, हेही ध्यानात घ्या.

प्रश्न : आमच्या तांडेलानं (बोटीच्या प्रमुखानं) अनोळखी बोटीची खबर दिली, तर त्यालाच दिवसभर बसवून ठेवलं. आता कोण कशाला सांगेल? (मालवण)

ताई, तुमचा राग रास्त आहे. खबर देणाऱ्याचा दिवस बुडणं हा सुरक्षेतला मोठा दोष आहे, कारण पुढच्या वेळी तो गप्प बसतो. 1993 मध्ये मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स श्रीवर्धनजवळ शेखाडीला उतरलं. त्या प्रकरणात कस्टम आणि पोलिसांतलेही काही दोषी ठरले. 26/11 ला अतिरेकी कुलाब्याला उतरले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा हटकलं ते मच्छीमार वस्तीतल्या माणसांनी. रडार बोट दाखवतं. तिच्यावर जाळं आहे की नाही, खलाशी सराईत आहेत की नवखे, हे तुमच्या माणसांना लांबूनच कळतं.

तरी कळवाच. सागरी पोलिसांचा क्रमांक 1093, तटरक्षक दलाचा 1554. नौकेवरचा 'आयएनडी-एमएच'सारखा नोंदणी क्रमांक, रंग, दिशा आणि वेळ सांगा. जीपीएसवरची जागा टिपून ठेवा. जवळ जाऊ नका. आणि पुन्हा कुणी बसवून ठेवलं, तर मच्छीमार सोसायटीमार्फत पोलिस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या.