एसटीएलवर सगळा भरवसा ठेवू नकोस

तू प्रत्येक थ्रीडी मॉडेल फक्त एसटीएल या फाइल-प्रकारात ठेवतोयस, तिथेच गोची आहे. एसटीएल म्हणजे मॉडेलचा पृष्ठभाग बनवणाऱ्या नुसत्या त्रिकोणांची यादी. रंग नाही, टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायचं चित्र) नाही आणि मुख्य म्हणजे एकक नाही. फाइलमध्ये ५० लिहिलंय, पण ते ५० मिलिमीटर की ५० इंच, हे फाइलला ठाऊकच नसतं. मी एकदा इंचात काढलेली दोन इंचांची खुंटी थ्रीडी प्रिंटरवर छापायला पाठवली, हाती आला दोन मिलिमीटरचा दाणा! बायनरी एसटीएलमध्ये दर त्रिकोणाला ५० बाइट लागतात, म्हणजे लाखभर त्रिकोण झाले की साधारण ५ एमबी. एएससीआयआय, म्हणजे साध्या मजकुरात लिहिलेला प्रकार त्याच्या कितीतरी पट फुगतो, त्या वाटेला जाऊच नकोस.

छपाईला थ्रीएमएफ प्रकारची फाइल दे, त्यात एकक सोबत जातं. वेबवर दाखवायचं असेल तर जीएलबी. ओबीजे पाठवलीस तर शेजारची एमटीएल (रंग-पोताची माहिती असलेली फाइल) आणि टेक्स्चरची चित्रंही जोड, नाहीतर समोरच्याला सगळं पांढरंफटक दिसतं.

ज्यात मॉडेल बनवतोस त्या ब्लेंडर सॉफ्टवेअरची मूळ .ब्लेंड फाइल मात्र जपून ठेव. एक्स्पोर्ट करताना मॉडिफायर (नंतर बदलता येणारे आकाराचे बदल) जाळीत, म्हणजे त्या त्रिकोणांत, कायमचे मुरतात, मग मागे फिरता येत नाही. जाळीला भोकं पडली असतील तर मेशलॅब हे जाळी तपासायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आधी त्यात उघडून बघ.