दाट धुक्यात छोट्या होडीतून मासेमारी: जीपीएस असेल तर जायला हरकत आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे, की मोबाइलमध्ये जीपीएस आहे, किनाराही फार लांब नाही, मग धुक्यात छोटी होडी घेऊन मासे धरायला गेलं तर धोका नेमका कसला? जीपीएसमुळे वाट चुकण्याची भीती बरीच कमी होते, हे खरं. पण तुम्ही कुठे आहात हे ते तुम्हालाच सांगतं, तुमच्या दिशेने येणाऱ्या जहाजाला सांगत नाही. खरा धोका तिथे आहे.

ही वेळ माझ्यावर आली आहे. मी आणि धाकटा भाऊ, पाचेक मीटरची लाकडी होडी. निघालो तेव्हा आकाश स्वच्छ होतं. मासे चांगले लागत होते म्हणून जहाजांच्या वाटेच्या अगदी कडेला नांगर टाकला. ती चूक माझी. अर्ध्या तासात धुकं असं उतरलं की दोन-तीन होड्यांच्या अंतरापलीकडे काही दिसेना. मग इंजिनाची घरघर ऐकू आली. आवाज कुठून येतोय म्हणून मी डावीकडे बोट दाखवलं, भावाने त्याच क्षणी उजवीकडे. घरघर वाढत गेली आणि एकदम पाणी उचललं गेलं. होडी नांगराच्या दोरावर हिसका खाऊन कलली, दोन लाटा आत आल्या, डिझेलचा वास आला. जहाज आम्हाला शेवटपर्यंत दिसलं नाही. त्यांनाही आम्ही दिसलो नसणार.

साधा हिशेब करून बघा. १५ नॉट वेगाचं जहाज मिनिटाला सुमारे ४६० मीटर कापतं. ते १०० मीटरवर दिसलं तर तुमच्या हाती १३ सेकंद उरतात. तेवढ्यात नांगर उचलून इंजिन चालू करून बाजूला होणं शक्य नाही. जहाजाने वळावं म्हणाल, तर मोठ्या जहाजाला थांबायलाच किलोमीटरहून जास्त अंतर लागू शकतं.

‘त्यांच्याकडे रडार असतंच की’ असं अनेकजण म्हणतात. लाकूड आणि फायबर रडारच्या लहरी फार कमी परतवतात, त्यात होडी पाण्यालगत. रडारच्या पडद्यावर तिची खूण लाटांच्या ठिपक्यांत हरवून जाते. धातूचा रडार रिफ्लेक्टर जमेल तितका उंच बांधला तर फरक पडतो, म्हणून तो लावाच. पण त्याच्या भरवशावर राहू नका. १९५६ साली आंद्रेया दोरिया आणि स्टॉकहोम या दोन प्रचंड प्रवासी जहाजांची धुक्याच्या भागात टक्कर झाली. दोघांकडे रडार होतं, दोघांनी एकमेकांना रडारवर पाहिलंही होतं. तरी ५१ माणसं गेली.

राहिला आवाज. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार धुक्यात चालत्या यांत्रिक जहाजाने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा द्यायचा असतो, चार ते सहा सेकंदांचा. मासेमारीत गुंतलेल्या जहाजाने एक लांब आणि पाठोपाठ दोन आखूड. १२ मीटरपेक्षा लहान होडीला हेच भोंगे देण्याचं बंधन नाही, पण दर दोन मिनिटांच्या आत कसला तरी ठळक आवाज तिनेही करायचाच असतो. तेव्हा हातभोंगा आणि शिट्टी सोबत हवीच. स्वतःचं इंजिन अधूनमधून बंद करून कान द्या, ते चालू असताना दुसऱ्याचा भोंगा ऐकूच येत नाही. आवाजाची दिशा मात्र धुक्यात फसवते, आम्हा दोघांची बोटं आठवा.

दिशेचं तुमचं स्वतःचं भानही फसतं. आपण सरळ चाललोय असं वाटतं आणि होडी गोल फिरत असते. होकायंत्र आणि मन यांचं जमेना झालं की होकायंत्राचं ऐका. मोबाइल भिजतो, थंडीत त्याची बॅटरी भरभर उतरते, म्हणून होकायंत्र सोबत लागतंच.

‘ऊन आलं की विरेल’ हे जमिनीवरच्या पहाटेच्या धुक्याबद्दल बहुतेकदा खरं असतं. समुद्रावरचं धुकं पुष्कळदा वेगळं असतं: उबदार, दमट हवा थंड पाण्यावरून वाहताना ते तयार होतं आणि वारा असूनही दिवसभर, कधी अनेक दिवस टिकतं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रावर हेच होतं, तिथे गल्फ स्ट्रीम या उबदार प्रवाहावरची हवा थंड लॅब्राडोर प्रवाहावर येते. म्हणजे असं धुकं असतं तिथे खालचं पाणीही बऱ्याचदा थंड असतं. अशा पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही, आणि खूप थंड पाण्यात दहा-पंधरा मिनिटांत हातपाय निकामी होऊ लागतात. सोबत्याला तुम्ही दिसतही नसता. लाइफ जॅकेट होडीत ठेवून भागत नाही, ते आधीच अंगात हवं.

किनाऱ्यावरूनच धुकं दिसत असेल तर निघू नका, माझं उत्तर एवढं स्पष्ट आहे. समुद्रात असताना ते उतरलं तर सगळ्यात आधी आपली जागा नोंदवा आणि दिवे लावा. जाळं टाकलेलं असेल आणि पटकन निघत नसेल तर सोडून द्या. मी ते तसंच सोडेन. मग जहाजांच्या वाटेतून जवळच्या रस्त्याने बाहेर पडा, अगदी सावकाश, एकजण पुढच्या टोकाला डोळे-कान उघडे ठेवून. व्हीएचएफ रेडिओ असेल तर १६ नंबरच्या, म्हणजे आणीबाणीच्या आणि हाका मारायच्या चॅनलवर कान असू द्या. लाटा फुटत नसतील अशा उथळ पाण्यात पोहोचलात, की तिथे मोठी जहाजं येऊ शकत नाहीत. तिथे नांगर टाका, आवाज करत राहा आणि किनारा स्वच्छ दिसेपर्यंत हलू नका. ‘यायला उशीर होईल’ एवढा निरोप घरच्यांना तेवढा पाठवा.