घोड्याच्या केसांचा दाढीचा ब्रश : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी नुकताच घोड्याच्या केसांचा दाढीचा ब्रश घेतला. सुरुवातीला त्याला तबेल्यासारखा वास येत होता आणि तो गालाला बोचत होता. आता वास गेला आहे, परंतु मधल्या केसांचा गुंता होऊन तेथे खळगा पडल्यासारखा दिसतो. हा ब्रश सदोष आहे का? तो परत करून बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचा ब्रश घ्यावा का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोष ब्रशचा नसून तो फिरवण्याच्या पद्धतीचा असावा, असे वाटते. बॅजरचा केस टोकाकडे निमुळता होत जातो आणि ते नैसर्गिक टोक ब्रशमध्येही कायम ठेवलेले असते. घोड्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस मात्र खूप लांब असतात व ते हव्या त्या मापाने कापून घ्यावे लागतात, त्यामुळे बहुतेक केसांना कापलेले टोकच असते आणि नवा ब्रश बोचतो. रोजच्या वापराने ही टोके घासली जाऊन बोचणे कमी होते. ब्रश किती राठ लागेल हे आयाळ आणि शेपूट यांच्या प्रमाणावरही अवलंबून असते. आयाळ मऊ, तर शेपूट ताठ असते. स्पेनमधील व्हिए-लाँग हे निर्माते दोन्ही केस निम्मे-निम्मे मिसळलेले ब्रशही विकतात. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी निव्वळ शेपटीच्या केसांचा ब्रश घेऊ नये.

आता गुंत्याविषयी. दाढीचा फेस म्हणजे ब्रश गरागरा फिरवणे, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते आणि डुकराच्या राठ केसांचा ब्रश ते निमूटपणे सहनही करतो. घोड्याचा केस लवचीक असतो. ओला ब्रश गालावर दाबून एकाच दिशेने गोल फिरवत राहिले की केस एकमेकांभोवती पिळले जातात, आणि सर्वाधिक दाब मध्यभागी येत असल्यामुळे खळगाही तेथेच पडतो. त्यासाठी साबणावर ब्रश फिरवताना हात हलका ठेवावा, अधूनमधून दिशा उलटी करावी आणि चेहऱ्यावर मात्र भिंतीला रंग देताना फिरवतो तसा तो वर-खाली, मागे-पुढे चालवावा. केसांची केवळ टोके वाकतील एवढाच दाब पुरेसा असतो; केस मुठीपर्यंत चेपले जात असतील तर दाब नक्कीच जास्त होत आहे. झालेला गुंता सोडवण्यासाठी ब्रश कोमट पाण्यात भिजवून त्याला थोडे कंडिशनर लावावे आणि बारीक दातांच्या फणीने आधी टोके, मग हळूहळू आतला भाग विंचरावा. मुळापासून फणी ओढल्यास केस तुटून येतील.

ब्रश भिजवण्यासाठी मिनिट-दोन मिनिटे पुरतात. पाणी हाताला सोसेल इतपतच गरम असावे, कारण केसांचा झुबका मुठीत चिकटवलेला असतो आणि उकळत्या पाण्याने तो सैल होऊ शकतो. दाढी झाल्यावर साबण पूर्ण निघेपर्यंत ब्रश धुऊन, झटकून, हवेशीर जागी वाळू द्यावा. तो टांगावा की उभा ठेवावा, यावर हौशी मंडळी फार वाद घालतात; दोन्ही प्रकारे तो वाळतो. तेव्हा बॅजरचा ब्रश घेण्याची घाई करू नये. बॅजर पाणी अधिक धरतो हे खरे, पण घट्ट साबणाच्या वडीवरून साबण उचलण्यासाठी घोड्याच्या केसांचा किंचित ताठपणा मला अधिक उपयोगी वाटतो.

प्रश्न : घरातील जुन्या सामानात पणजोबांचा दाढीचा ब्रश सापडला आहे. अशा ब्रशमुळे अँथ्रॅक्स होतो असे ऐकले. तो उकळत्या पाण्यात बुडवून वापरला तर चालेल का?

उत्तर : वापरू नये. ही भीती निराधार नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरच्या केसांचा नेहमीचा पुरवठा विस्कळीत झाला आणि आशियातून आलेले घोड्याचे केस बॅजरसारखे रंगवून ब्रश बनवले जाऊ लागले. त्यांतील काही केस निर्जंतुक केलेले नव्हते. वस्तऱ्याने झालेल्या बारीक जखमांतून अँथ्रॅक्सचे, म्हणजे काळपुळीचे, जंतू शरीरात गेले. ब्रिटिश व अमेरिकी सैनिकांना तसेच सामान्य नागरिकांनाही चेहऱ्यावर आणि मानेवर हा रोग झाला व काहीजण दगावले. पुढे ब्रिटनने 1919 मध्ये अँथ्रॅक्स प्रतिबंधक कायदा केला आणि 1920 मध्ये जपानी दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली.

या जंतूंचे बीजाणू कोरड्या अवस्थेत कित्येक दशके टिकतात आणि उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवल्याने ते मरतीलच याची खात्री नसते. आज एखाद्या जुन्या ब्रशमुळे रोग होण्याची शक्यता अत्यल्प आहे, परंतु ज्या वस्तूला सहज पर्याय मिळतो तिच्यासाठी तेवढाही धोका पत्करण्याचे कारण नाही. मुठीवर ‘बॅजर’ असे कोरलेले असले तरी त्यावर विसंबू नये, कारण त्या काळी नकली बॅजर सर्रास विकला जात होता. मूठ सुंदर आहे म्हणून घरच्या घरी जुने केस उपटून नवे बसवण्याचा मोहही टाळावा, त्यातून धूळ उडते. आठवण म्हणून तो बंद काचेच्या पेटीत ठेवता येईल. नव्या ब्रशांबाबत ही चिंता करू नये. नामांकित निर्माते केस निर्जंतुक करूनच वापरतात.

प्रश्न : अशा ब्रशसाठी घोड्याला मारतात का?

उत्तर : केसांसाठी घोडा मारावा लागत नाही, खरारा करताना किंवा आयाळ-शेपूट कातरताना मिळालेले केस वापरता येतात. बॅजरच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. तरीही बाजारात येणाऱ्या घोड्याच्या केसांपैकी काही कत्तलखान्यांतूनही येतात, म्हणून केस कोठून घेतले याची निर्मात्याकडे स्पष्ट चौकशी करावी आणि उत्तर समाधानकारक न मिळाल्यास कृत्रिम धाग्यांचा ब्रश घ्यावा. तो लवकर वाळतो आणि अलीकडच्या चांगल्या कृत्रिम ब्रशांचा फेसही उत्तम होतो.