पहिलाच अल्बम कन्सेप्ट अल्बम, म्हणजे सगळ्या गाण्यांतून एकच कथा किंवा कल्पना मांडणारा असेल, तर तो कुठे जमतो आणि कुठे फसतो?

पहिल्या अल्बममागे बहुतेकदा कित्येक वर्षांची साठवण असते. त्याचं बळ तेच आणि दोषही तोच: कल्पना ताज्या असतात, पण काहीच टाकवत नाही. एलपीच्या (जुन्या मोठ्या तबकडीच्या) एका बाजूला जेमतेम २०-२२ मिनिटं मावत, त्यामुळे कथा चाळिसेक मिनिटांत आटपावी लागे. सीडीने ७४ मिनिटं दिली आणि स्ट्रीमिंगमध्ये तेवढंही बंधन राहिलं नाही.

फसगत सहसा मध्यावर होते. कथानक पुढे ढकलण्यापुरती दोन-तीन गाणी येतात, त्यांना स्वतःची चाल नसते. गाण्यांचा क्रम बदलून ऐकून बघा. सुटं ऐकल्यावर जे उभं राहत नाही ते गाणं नव्हे, निवेदन आहे. ते खुशाल कापावं.

खरी मजा पुन्हा येणाऱ्या सुरावटीत असते. सुरुवातीचे चार-पाच सूर शेवटी परततात तेव्हा लय, वाद्य किंवा खालची कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) बदललेली हवी. मेजरमधली (उजळ छटेच्या स्वरमालेतली) ओळ मायनरमध्ये (उदास छटेच्या स्वरमालेत) आली की पात्राचं काय झालं हे शब्दांवाचून कळतं. जशीच्या तशी आली तर ती नुसती पुनरावृत्ती. नवखे इथेच घाई करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळी ध्वनिमुद्रणं एकत्र जुळवताना, गिटार आणि कीबोर्डचे थर २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात गायकाच्या आवाजाला झाकतात. तिथे या वाद्यांचे २-३ डेसिबल कमी केले तर शब्द ऐकू येतात. कथाच शब्दांत आहे ना! शिवाय जोडगाणी (न थांबता एकातून दुसऱ्यात जाणारी गाणी) एमपीथ्रीत काढली की मध्ये बारीक खंड पडतो. वितरणासाठी वेव्ह किंवा फ्लॅक या प्रकारच्या फाइलच द्या, त्यांत ध्वनीचा काहीच भाग गाळला जात नाही.