अकरा रात्रींची हजेरी आणि तुमची सही

प्रश्न : चाकण एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंग कंपनीत मी एचआर आणि पगाराचं काम बघते. मार्चमध्ये एका हेल्परला रात्रपाळी होती. सॉफ्टवेअरमध्ये त्याची शिफ्ट बदलायची राहिली आणि अकरा दिवस ‘ॲबसेंट’ पडले. सुपरवायझरच्या सहीच्या चिठ्ठ्या बघून मी ते दिवस रेग्युलराइज केले, म्हणजे हजेरीत दुरुस्त करून ‘हजर’ धरले, पूर्ण पगारही निघाला. एप्रिलअखेर ‘वारंवार गैरहजर’ म्हणून त्याला काढलं, तो कामगार न्यायालयात गेला. आता मालक म्हणतात, ‘तुझ्या एन्ट्री काढ, मशीनने दाखवलं होतं तेच राहू दे.’ सात दिवसांच्या एन्ट्री मी काढल्या, मग भीती वाटून थांबले. कंपनीच्या वकिलांना हजेरीच्या प्रिंटसोबतच्या प्रमाणपत्रावर माझी सही हवी आहे. ॲडमिन लॉगिन आम्ही तिघं वापरतो. मी अडकेन का? सगळा डेटा पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवू का?

उत्तर : त्या प्रमाणपत्रावर सही करू नका. उरलेल्या चार एन्ट्रींना हात लावू नका. आणि काढलेल्या सात एन्ट्री घाबरून गुपचूप परत टाकूही नका. सॉफ्टवेअरच्या ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत, काढल्याची वेळ उमटते तशी परत टाकल्याचीही उमटते. खटला सुरू असताना दोनदा हलवलेली नोंद एकदा हलवलेल्या नोंदीपेक्षा जास्त संशयास्पद दिसते.

मालकांचा युक्तिवाद वरवर पटतो, म्हणून आधी तो तपासू. मशीन कुणाला ‘गैरहजर’ ठरवत नाही. अमुक कोडच्या माणसाने अमुक तारखेला अमुक वाजता बोट लावलं, एवढंच ते नोंदवतं. गैरहजर हा निष्कर्ष सॉफ्टवेअर काढतं, तोही तुम्ही भरलेल्या शिफ्टवरून. समजा, हा हेल्पर १२ मार्चला सकाळी ६:०७ ला आदल्या रात्रीच्या पाळीतून सुटला आणि त्याच दिवशी रात्री ९:५२ ला पुढच्या पाळीला आला. त्याच्या नावावर सकाळी नऊ ते सहाची जनरल शिफ्ट असेल आणि पंच, म्हणजे बोट लावल्याची नोंद, धरण्याची मुदत सकाळी सात ते रात्री नऊ एवढीच ठेवलेली असेल, तर हे दोन्ही पंच मुदतीबाहेर पडतात आणि दिवस गैरहजर लागतो. तीच मुदत काढून ‘पहिला पंच आत, शेवटचा पंच बाहेर’ एवढंच सेटिंग ठेवा, तर त्याच दोन पंचांवरून १५ तास ४५ मिनिटं हजेरी दिसेल. दोन्ही उत्तरं चूक. माणूस रात्री दहा ते सहा कामावर होता, हे सांगणारी गोष्ट म्हणजे सुपरवायझरची चिठ्ठी आणि तिच्या आधारे केलेलं तुमचं रेग्युलरायझेशन. ते मूळ नोंदीवरचं अतिक्रमण नव्हे, नोंदीचाच भाग आहे. ते काढून टाकणं म्हणजे ‘मशीनचं राहू देणं’ होत नाही.

आता कायदा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३४४ नेमकं कारकून, अधिकारी आणि नोकर यांच्यासाठी आहे. मालकाच्या ताब्यातलं पुस्तक, कागद किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद फसवणुकीच्या इराद्याने, जाणूनबुजून बदलली किंवा नष्ट केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पुरावा म्हणून हजर करता येऊ नये यासाठी नोंद नष्ट केली, तर कलम २४१ आहे. ‘मालकाने सांगितलं’ हा बचाव चालत नाही. धमकीखाली केलेल्या कृत्याला कलम ३२ सूट देतं, पण ती धमकी तत्काळ जीव जाण्याची असावी लागते. नोकरी जाण्याची भीती त्यात बसत नाही.

पण कलम ३४४ मध्ये इरादा महत्त्वाचा आहे. मार्चमध्ये चिठ्ठी बघून केलेली दुरुस्ती हा गुन्हा नाही, ते तुमचं रोजचं काम होतं. एप्रिलनंतर काढलेल्या सात एन्ट्री मात्र अडचणीच्या आहेत. तुम्ही मध्येच थांबलात आणि आता ते लपवलं नाहीत, तर या दोन गोष्टी तुमच्या बाजूने ठामपणे मांडता येतात. सही केलीत की हा मुद्दा हातचा जाईल.

कारण त्या सहीला कायद्यात वेगळं वजन आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग ‘अ’ संगणकाचा किंवा त्या कामाचा ताबा असलेली व्यक्ती भरते, भाग ‘ब’ तज्ज्ञ. जुन्या पुरावा कायद्यात हेच कलम ६५ब होतं. जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असं प्रमाणपत्र आवश्यक असल्याचं सांगितलं. कामगार न्यायालय पुराव्याच्या कायद्याला काटेकोरपणे बांधलेलं नसतं हे खरं, पण तुमची सही तिथेही तुमचीच राहते. माहिती नेहमीच्या कामकाजात नियमितपणे भरली गेली, असं त्या प्रमाणपत्रात तुम्ही म्हणता. कोर्टाची नोटीस आल्यावर बदललेली हजेरी नेहमीच्या कामकाजात बसत नाही. खोटं असल्याचं माहीत असून अशा प्रमाणपत्रावर सही केली, तर न्याय संहितेच्या कलम २३४ खाली खोटी साक्ष दिल्यासारखीच शिक्षा आहे.

प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ओळखक्रमांक, भरायची असते. ‘हॅश टाकली की फाइल पक्की’ असं कुणी सांगितलं तर विसंबू नका. हॅश काढल्यानंतर फाइल बदलली नाही, एवढंच त्यातून कळतं. आधी काय झालं ते नाही.

मालकांना एक गोष्ट बहुधा लक्षात आलेली नाही, ती त्यांना शांतपणे दाखवा. मार्चची हजेरी तुमच्या सॉफ्टवेअरपुरती उरलेली नाही. १५ एप्रिलपर्यंत पीएफचा ईसीआर, म्हणजे मासिक विवरणपत्र, भरला गेला असणार. त्यात प्रत्येक कामगारापुढे ‘एनसीपी डेज’चा रकाना असतो, म्हणजे बिनपगारी दिवस. पूर्ण पगार निघाला असेल तर तिथे शून्य आहे. ईएसआयच्या मासिक भरण्यातही किती दिवसांचं वेतन दिलं ते लिहिलेलं असतं. शिवाय पगाराची स्लिप कामगाराच्या हातात, गेटवरचं रजिस्टर सिक्युरिटीकडे आणि कच्चे पंच डिव्हाइसच्या मेमरीत. कामगाराचा वकील हे सगळं हजर करण्याचा अर्ज देईल. अकरा गैरहजेऱ्या दाखवणारं मस्टर त्या एका शून्यासमोर टिकणार नाही, आणि मग कंपनीचा बाकीचा खरा पुरावाही कोर्ट संशयाने बघेल. मार्च सोडून इतर महिन्यांत तो खरंच वारंवार गैरहजर असेल तर कंपनीने तेवढंच मांडावं. नसेल तर तडजोडीची बोलणी करणं स्वस्त पडेल.

तुम्ही काय करायचं? आधी स्वतःचा वकील. कंपनीचे वकील कंपनीचे आहेत, तुमचं आणि कंपनीचं हित इथे वेगळं झालं आहे. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक मदत मिळते, शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात चौकशी करा. मग वकिलाला दाखवून मालकांना मेल करा. दाखवूनच, कारण त्या मेलमध्ये तुमची कबुलीही आहे. मजकूर असा पुरे : ‘मार्चमधल्या अकरा दिवसांचं रेग्युलरायझेशन सुपरवायझरच्या चिठ्ठ्यांवरून केलं होतं. आपल्या तोंडी सूचनेवरून अमुक तारखेला सात दिवसांच्या नोंदी काढल्या, चार बाकी आहेत. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने यापुढे बदल करणार नाही. ऑडिट ट्रेल, डिव्हाइसचे कच्चे लॉग आणि मूळ चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. सध्याच्या स्वरूपातल्या अहवालावर प्रमाणपत्र देऊ शकत नाही.’ आरोप नको, विशेषणं नकोत.

लॉगची गोष्ट त्याच दिवशी आयटीवाल्यांच्या कानावर घाला. बऱ्याच डिव्हाइसची मेमरी भरली की जुने पंच पुसले जातात, काही ठिकाणी डाउनलोड झाल्यावर ‘क्लिअर लॉग’ आपोआप चालतं. ते बंद करायला लेखी सांगा.

पेन ड्राइव्हवर डेटा घेऊ नका. मालकाच्या परवानगीशिवाय डेटाची नक्कल काढणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं, अप्रामाणिक हेतू दिसला तर कलम ६६ लागतं. त्या डेटाबेसमध्ये इतर सगळ्यांची माहितीही आहे. आज तुमची बाजू बरोबर आहे, पेन ड्राइव्हमुळे कंपनीला तुमच्याविरुद्ध तक्रारीची आयती संधी मिळेल. मालकांचे तुम्हाला आलेले व्हॉट्सॲप मेसेज आणि तुमचे स्वतःचे मेल जपणं वेगळं, ते जरूर जपा.

सामायिक लॉगिनमुळे बदल कुणी केला हे सांगणं अवघड होतं, पण त्यावर ‘मी नव्हे’ असा बचाव उभारू नका. कॉम्प्युटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि वेळ लॉगमध्ये असू शकते. आजपासून स्वतंत्र लॉगिन मागा आणि जुना पासवर्ड बदलायला लावा.

नकार दिल्यामुळे तुम्हालाच काढलं तर? तुमचं पदनाम ‘एक्झिक्युटिव्ह’ असलं तरी घाबरू नका. कायदा प्रत्यक्ष काम बघतो आणि लिपिकी काम करणारी व्यक्ती कामगार ठरू शकते. वेतन संहितेनुसार कामावरून काढल्यास थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं लागतं. सूडबुद्धीने काढलं असेल तर महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली तक्रार करण्याची मुदत ९० दिवसांची आहे, म्हणून नोटीस हातात पडली की त्याच आठवड्यात वकिलाकडे जा. राजीनाम्यावर सही मागितली तर तीही करू नका.