वाचकांचे प्रश्न : थडग्यावरची चार अक्षरे

प्रश्न : आमचे कुटुंब बेने इस्रायली (कोकणातील मराठी भाषक यहुदी) असून मूळचे पेणचे आहे. पणजोबांच्या आजोबांच्या थडग्यावरील मराठी मजकूर झिजला आहे. हिब्रूतील नाव व शेवटची चार अक्षरे तेवढी वाचता येतात. यावरून काही कळू शकेल का?

उत्तर : बरेच कळू शकेल. हिब्रूत प्रत्येक अक्षराला संख्यामूल्य असते, आणि शिलालेखांत यहुदी वर्षातील पाच हजारांचा आकडा बहुधा गाळलेला असतो. समजा, तव (४००), रेश (२००), सामेख (६०) आणि हे (५) अशी अक्षरे असतील, तर बेरीज ६६५ येते. म्हणजे वर्ष ५६६५. या ६६५मध्ये १२४० मिळवले की इसवी सन १९०५ मिळतो. मात्र यहुदी नववर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे, मृत्यू तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या काळातला असल्यास सन १९०४ धरावा.

हिब्रू नावातील ‘बेन’ म्हणजे ‘चा मुलगा’. त्यापुढचे नाव वडिलांचे, आणि एक पिढी मागे जाण्याची वाट तीच. घरच्या कागदांत मात्र हेच नाव निराळे आढळेल. मुंबईत १७९६ साली सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) उभारणारे सॅम्युअल इझेकिएल दिवेकर हे सामाजी हसाजी दिवेकर या नावानेही ओळखले जातात. अब्राहमचा आबाजी होई. म्हणून दोन्ही रूपे शोधावीत. ‘पेणकर’सारखे आडनाव गाव सांगते, नाते नव्हे, सगळे पेणकर एकाच कुळातले समजू नयेत.

झिजलेल्या मराठी ओळींसाठी दगड घासू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घेतल्यास पुसट अक्षरेही पुष्कळदा उठून दिसतात.