'स्लोली'च्या पुढचे दोन शब्द

नौपाड्यातील माझ्या इंग्रजी शिकवणीच्या केंद्रात आलेल्या एका बाईंनी खुर्चीत बसण्यापूर्वीच पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. ऐरोलीतील एका कंपनीतल्या त्यांच्या वार्षिक मूल्यमापनाचे ते पान होते आणि 'हर इंग्लिश इज स्लोली बट शुअरली इम्प्रूव्हिंग' या ओळीतील 'स्लोली'खाली लाल पेनने दोनदा रेघ ओढलेली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) "मॅडम, मला मठ्ठ म्हटलंय, तेही लेखी," त्या म्हणाल्या.

आपली प्रगती इतरांपेक्षा संथ आहे, ही खंत घेऊन येणाऱ्यांना लगेच धीर द्यावासा वाटतो. येथे मात्र आधी वाक्य नीट वाचणे भाग होते. मी विचारले, "'मुलगा हुशार आहे पण आळशी आहे' आणि 'मुलगा आळशी आहे पण हुशार आहे', यांतलं कोणतं वाक्य तुम्ही मुलीकडच्यांना सांगाल?" त्या हसल्या. 'बट'चेही तसेच आहे. वजन त्याच्या पुढच्या शब्दावर पडते. शिवाय या जोडीतले 'शुअरली' म्हणजे आपले 'नक्कीच' नव्हे. पाय घसरू न देता, खात्रीने पुढे जाणे हा त्याचा जुना अर्थ येथे टिकून आहे. म्हणून 'हळूहळू, पण खात्रीने' हे भाषांतर मला जवळचे वाटते.

पुढच्या भेटीत त्यांनी वहीत लिहून आणले होते : 'आय स्लोली बट शुअरली सेंट द ई-मेल.' ई-मेल एका क्षणात जातो, त्यामुळे तेथे हा वाक्प्रचार बसत नाही. सुधारणे, शिकणे, कर्ज फिटणे, दुखणे बरे होणे अशा, काळ घेणाऱ्या क्रियांशीच तो जुळतो.

तरीही, अशा गोड शब्दांआड साहेबांची अधीरता दडलेली असू शकते आणि कागदावर सूर ऐकू येत नाही, हे मी त्यांच्यापासून लपवले नाही. सुधारणा नेमकी कशात दिसली, याचे एक उदाहरण साहेबांकडे मागा, एवढेच सुचवले. त्यांनी धीर करून विचारले. जूनपासून परदेशी ग्राहकांचे फोन तुम्ही कोणाला शेजारी न बसवता घेता, असे उत्तर मिळाले. "मग सर, हे फॉर्ममध्ये का नाही लिहिलंत?" यावर साहेब म्हणाले, रकान्यात जागाच नव्हती.